रातच्यापुरती भिंत

आमच्या ताईंना रडू फार लवकर येतं. हे मी टिंगल म्हणून सांगत नाही. बाई खमकी आहे, पोलीस ठाण्यात टेबलावर हात आपटून बोलताना मी तिला स्वतः पाहिलंय. पण कुणाचं दुःख ऐकलं की पदर डोळ्यांना लागलाच म्हणून समजा. आमच्या भागातल्या बायकांचा एक मंच आहे आणि ताई त्याच्या अध्यक्ष. दारूचं दुकान बंद करण्यापासून सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावण्यापर्यंत काय काय कामं या मंचानं केलीत. मी बारावीला असताना माझं लग्न ठरत होतं, तेव्हा ताई आमच्या वाड्यावर येऊन माझ्या बापाशी कडाकडा भांडल्या होत्या. मी आज जुन्नरला कॉलेजात समाजशास्त्र शिकवते, ती त्या भांडणामुळं. म्हणून पुढं जे काही सांगणार आहे ते ताईंवर दात धरून नाही, हे आधीच सांगून टाकते.

वाडा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं चिरेबंदी घर आलं असेल तर ते पुसून टाका. आम्ही धनगर. आमच्यात मेंढरांच्या मुक्कामालाच वाडा म्हणतात. मेंढरांभोवती लावायची जाळी, एक घोडं, दोन कुत्री, पालाचं कापड आणि चुलीला तीन दगड, झाला वाडा. शेतकरी आम्हाला रानात मेंढरं बसवायला बोलावतात. रात्रभर मेंढरं बसली की लेंडीखतानं रान भरतं, बदल्यात धान्य मिळतं, हल्ली पैसेही. दोनचार रात्री एका रानात, मग पुढच्या. वडील गेल्यावर आता माझा धाकटा भाऊ आणि त्याची बायको मेंढरं राखतात. आणि आमच्या भागात रीतच अशी आहे की मेंढरं रात्री रानात हवीच असतात. मेंढरांबरोबरची माणसं हवी असतात असं काही नाही, ती आपली बरोबर येतात.

आता बिबट्याचं सांगायला हवं. जुन्नर-आंबेगावात राहणाऱ्याला ते सांगावं लागत नाही. इकडं पाणी आलं, पाण्यामागं ऊस आला, उसात बिबट्या आला आणि तिथलाच रहिवासी झाला. दिवस मावळला की गावात दारं लागतात, पोरांना अंगणात कुणी सोडत नाही. पण वाड्याला दारच नसतं हो. गेल्या साली पलीकडच्या शिवारात एका वाड्यावरचं लेकरू आईच्या कुशीतून उचललं. ते ऐकलं तेव्हापासून माझी भावजय नीट झोपलेली नाही. माझी भाची जेमतेम चालायला लागलेली. भावजय जुन्या लुगड्याची पट्टी पोरीच्या कमरेला बांधते आणि दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला. ‘हिसका बसला की जाग तरी यील,’ म्हणते. मी पहिल्यांदा ती पट्टी पाहिली तेव्हा मला भडभडून आलं. ती उलट माझ्यावरच खेकसली, ‘वन्सं, तुमी रडू नका. रडून व्हतंय काय?’

वाड्यावर माझी भावजय, तिची चुलतजाऊ आणि जावेची सून अशा तिघी बायका आहेत. पोरं चौघं. भावजयीचं मागणं लई मोठं नव्हतं. तिला बंगला नको होता, पिंजरा नको होता, सरकारची भरपाई तर नकोच होती. ‘लेकरू गेल्यावर पैशाचं काय करू, चाटू?’ असं तिचं सरळ गणित. तिला रात्रीपुरती चार भिंती आणि एक दार हवं होतं. मेंढरं पुरुषांनी राखावीत, लेकरं घेऊन बायकांनी दाराआड निजावं. बस्स.

मी मंचाच्या कार्यकारिणीवर आहे, त्यामुळं तिथं हा विषय मी एकदोनदा काढला होता. काढला की सगळ्या हळहळायच्या. मग कुणीतरी म्हणायचं, ‘पण हा वनखात्याचा प्रश्न झाला ना?’ दुसरी म्हणायची, ‘तुमच्या समाजाची संघटना आहे की, त्यांनी बघायला पाहिजे. बायकांचा प्रश्न म्हणून कसा घ्यायचा हा?’ बरं, म्हणून मी समाजाच्या संघटनेकडं गेले. तिथले भाऊ म्हणाले, ‘मॅडम, आपलं मोठ्या मागण्यांचं चाललंय. हे बायापोरांचं तुमच्या मंचानं बघावं.’ मी गाडीला किक मारली आणि आळेफाट्यापर्यंत एकटीच शिव्या देत आले. रस्त्यावरच्या ट्रकवाल्यांना वाटलं असेल, बाईचं डोकं फिरलंय. फिरलंच होतं.

कॉलेजात शेवटच्या वर्षाला मी स्त्रीवादी चळवळीचा पेपर शिकवते. त्यात अमेरिकेतल्या काळ्या स्त्रियांवर एक प्रकरण आहे. दरवर्षी ते शिकवते आणि दरवर्षी नव्यानं संतापते. गोऱ्या बायका म्हणत होत्या, आम्हाला घरात कोंडलंय, आम्हाला बाहेर पडून काम करायचंय. आणि काळ्या बायका तर पिढ्यान्‌पिढ्या बाहेरच होत्या. दुसऱ्यांच्या रानात, दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात. कितीतरी जणी त्याच गोऱ्या बायकांची पोरं सांभाळत होत्या. मोर्चा निघाला की यांना मागं चालायला सांगायचं. यांनी आपलं दुखणं काढलं की म्हणायचं, तो तुमच्या वर्णाचा प्रश्न आहे, बायकांचा नाही, आत्ता मध्ये आणू नका. आणि यांच्या समाजातले पुरुष म्हणायचे, तो बायकांचा प्रश्न आहे, समाजाचा नाही, आत्ता मध्ये आणू नका. मग त्या बाईनं जायचं कुठं? स्वतःचे दोन तुकडे करून एक इथं बसवायचा आणि एक तिथं?

यंदा हे शिकवत होते तेव्हा डिंभ्याकडून येणारी एक मुलगी बोलली. तिकडच्या एसटीचा काही भरवसा नाही, त्यामुळं तिचा पहिला तास हमखास बुडतो. एरवी तोंड उघडत नाही. ती म्हणाली, ‘मॅडम, मग आपल्याकडच्या काळ्या कोण?’

वर्गात खसखस पिकली, कारण पोरींनी लगेच एकमेकींच्या रंगाकडं पाहिलं. गोरी नवरी शोधणारा आपला मुलूख, रंगावर हसायला आपल्याला वेळ लागत नाही. ती मुलगी हसली नाही. म्हणाली, ‘आमच्या आईला महिला दिनाला दरवर्षी बोलावतात. आदिवासी नाच करायला. भाषणं झाली की नाच, नाच झाला की वडापाव, मग घरी. तुला काय बोलायचंय का, असं कुणी कधी विचारलं नाय तिला.’

‘उत्तर तूच दिलंस की गं,’ मी म्हटलं. मग दलित बायकांनी हाच प्रश्न आपल्याकडं कसा ठणकावून विचारला, तेही सांगितलं. तास संपला तरी मुली उठल्या नाहीत, असं फार कमी वेळा होतं. पण त्या दिवशी घरी येताना माझ्या डोक्यात अमेरिका नव्हती. मंचात धनगराची मी एकटीच. ‘तू काय, आमच्यातलीच,’ असं बायका मला लाडानं म्हणतात. ते कौतुक मला कधी गोड लागलेलं नाही. मी ‘आमच्यातली’ झाले, तर मग माझी भावजय कुणातली? मला आत घेतलं याचा त्यांना केवढा आनंद, आणि दार माझ्यामागं लगेच लागलं हे कुणाच्या ध्यानातही नाही.

महिला दिन आला तेव्हा ताईंचा फोन आला. ‘यंदा भाषण तुझं. तू ते कॉलेजात शिकवतेस ना, काळ्या स्त्रियांचं, त्यावर बोल. आपल्या बायकांना जगातलं कळू दे.’ मी हो म्हटलं. मग त्या म्हणाल्या, ‘आणि बरं का, यंदा सत्कार तुझ्या भावजयीचा करायचा. तुमचा वाडा आत्ता आमच्याच रानात बसलाय की. कष्टकरी महिला म्हणून. तिला म्हणावं पारंपरिक पेहरावात ये. आणि कडेवर एक कोकरू घेतलं ना, फोटो काय सुंदर येईल!’

‘ताई, कडेवर तिची पोरगी असते,’ मी म्हटलं.

‘अगं, पोरीला तू घे.’

मी वाड्यावर जाऊन निरोप दिला. भावजय चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही. ‘कोकरू कशाला? कोकरू भाषण करनार हाय व्हय?’ चुलतजाऊ फिदीफिदी हसायला लागली. मग भावजय म्हणाली, ‘कवा हाय त्ये?’ मी सांगितलं, संध्याकाळी पाचला. बागायतदारांच्या घरच्या बायकांना कांद्याच्या कामातून मोकळं व्हायला तेवढे वाजतातच, त्यांच्या सोयीनं वेळ ठेवली होती. पण मेंढरं वाड्यावर परतायची वेळ नेमकी तीच. जाळी मारायची, कोकरं आयांना पाजायला सोडायची, चूल पेटवायची. अंधार पडायच्या आत बायकांचं सगळं काम याच वेळेला येतं. ज्यांचा सत्कार करायचा त्यांना त्या वेळेला येताच येणार नाही, हे ताईंच्या मनातही आलं नव्हतं. येणार कुठून? मेंढरं त्यांनी सकाळी रानात लेंडीच्या रूपात पाहिलेली.

‘नको येऊस मग,’ मी चिडून म्हटलं.

‘यीन की. का न्हाई यायचं?’ भावजय म्हणाली. ‘त्या बाईनं तुमाला शिकवलं. इतक्यात नाट लावू नका, वन्सं.’

मंचाचा स्वतःचा हॉल आहे, राजुरीच्या अलीकडं, रस्त्याला लागून. वर पत्रा असला तरी भिंती पक्क्या आहेत, लोखंडी दार आहे, आतून जाड कडी आहे, बाहेर दिवा आहे. बायकांनी स्वतः विटा वाहून तो बांधला, त्याचा अभिमान सगळ्यांना आहे आणि असायलाच पाहिजे. महिला दिनाला तो गच्च भरला होता. भारी साड्या, गजरे, मोबाईलवर फोटो, नुसता कलकलाट. मी बोलायला उभी राहिले आणि अमेरिकेतल्या काळ्या बायकांची सगळी गोष्ट सांगितली. आपल्या भाषेत, आपल्या उदाहरणांनी. मोर्चात मागं चालायला लावलं ते सांगितलं, तुमचा प्रश्न वेगळा म्हणून गप्प केलं ते सांगितलं. हॉल चिडीचूप झाला. पहिल्या रांगेतली एक आजी ‘अगं बाई, बाई, बाई’ करत होती. खजिनदार बाई रुमालानं डोळे पुसत होत्या. ताई तर विचारूच नका. मी खाली उतरले तशी त्यांनी माझे दोन्ही हात धरले. ‘काय माणसं असतील गं ती! बाई असून बाईला बाहेर ठेवायचं?’

मला हसावं की रडावं तेच कळेना.

मग सत्कार. भावजय धुतलेलं हिरवं लुगडं नेसून आली होती, पोरगी कडेवर. कोकरू आणलं नव्हतं. ताईंनी तिला कुंकू लावलं, शाल दिली, नारळ दिला आणि एक खोकं हातात ठेवलं. टाळ्या झाल्या. कुणीतरी म्हणालं, उघडून दाखवा. भावजयीनं खोकं उघडलं. आत भिंतीवरचं घड्याळ होतं. मोठं, गोल, सोनेरी कडेचं.

माझं तोंड पांढरं पडलं असेल. अरे देवा, मी मनात म्हटलं, हे कुणाला सुचलं? पण सगळ्यांना तेच सुचतं. मंचात सत्काराला घड्याळच देतात, वर्षानुवर्षं. कुणाकडं भिंत नसेल असा विचार करायची वेळच कधी आली नव्हती.

‘दोन शब्द बोला,’ ताई म्हणाल्या, आणि माईक तिच्यापुढं धरला. हे मात्र मी ताईंना मानते. नाच कर म्हणाल्या नाहीत, बोल म्हणाल्या.

भावजयीनं घड्याळ उलटंपालटं केलं. मागची टांगायची खाच पाहिली. मग माईकला तोंड लावून म्हणाली, ‘घड्याळ झ्याक हाय. पर टांगू कुटं?’

बायका हसल्या. तीही हसली. ‘घोड्याच्या गळ्यात बांधती आता,’ म्हणाली. हॉल पुन्हा हसला, खरंखुरं, मोकळं हसला. तिला बोलता येतं हे मला माहीत होतं, पण इतकं येतं हे नव्हतं.

मग ती थांबली. पोरीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. ‘वन्सं आत्ता सांगत व्हत्या त्या तिकडच्या बायांचं. तुमी रडला. मी बगितलं. मला लई बरं वाटलं, म्हनलं ह्या बायांना काळीज हाय. म्हनून मागती. घड्याळ दिलं तशी भिंत तेवढी द्या. रातच्यापुरती. आमी तिघी आन चार लेकरं. दिवस उगवला की आमी भायेर. त्ये जनावर उसात हाय, तुमाला ठावं हाय. आज आमी ताईंच्या रानात हाय, तर ताई, तुमच्या पडवीत लेकरं निजवू का?’

ताईंच्या तोंडावर आधी हसू होतं, ते तसंच राहून गेलं. त्या म्हणाल्या, ‘हो... म्हणजे काय आहे... घरी विचारून सांगते हं.’

खोटं नाही सांगत, मला ताईंची कीव आली. गावोगाव फिरून बायकांना सांगणारी ही बाई, घर तुझं आहे, ठासून सांग म्हणणारी. आणि स्वतःच्या पडवीची गोष्ट निघाली की घरी विचारायचं. ताईंचे यजमान, आमचे दादा, काय म्हणतील, सासूबाई काय म्हणतील, मेंढरांचा वास, पिसवा, शेजारी काय म्हणतील. हे सगळं त्यांच्या तोंडावर एका क्षणात उमटून गेलं. शेजारी बसलेल्या दोघीतिघींनीही माना खाली घातल्या. आता आपल्याला विचारते की काय, ही भीती मला स्पष्ट दिसत होती.

भावजयीनं कुणाला विचारलं नाही. तिनं मान वर करून हॉलकडं पाहिलं. पत्रा, भिंती, ते लोखंडी दार. ‘आन ह्यो हॉल कुनाचा हाय?’

‘आपला! बायकांचा!’ पाठीमागून चार आवाज आले, सवयीनं.

‘रातच्याला हितं कोन निजतं?’

‘कुणी नाही.’

‘मग ह्याला बी घरी इचारावं लागतंय व्हय?’

मागच्या बाकावरची एक पोरगी फसकन हसली आणि लगेच गप्प झाली. मग कुणीच हसलं नाही.

ताईंनी घाईघाईनं आभार मानले, चहा सांगितला आणि कार्यकारिणीला स्टेजवर बोलावलं. भावजय खाली भिंतीला टेकून बसली, पोरगी मांडीवर. आम्ही वर, खुर्च्यांचं कोंडाळं करून. काय काय निघालं म्हणून सांगू! नव्या सतरंज्या आहेत. त्या घाण होतील. आज या तिघी, उद्या सगळ्या शिवारातले वाडे येतील. बायकांच्या मागोमाग पुरुष येतील, मग दारूबिरू. खजिनदार बाई म्हणाल्या, ‘आणि मुख्य म्हणजे सभासद नाहीत त्या. सभासद गावची रहिवासी असावी लागते, आपला नियमच आहे.’ मघाशी याच बाईंचा रुमाल ओला झाला होता.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. ‘रहिवासी?’ मी म्हटलं. ‘ज्यांच्या पायाला भिंगरी आहे त्यांनी कुठले रहिवासी व्हायचं? तुमच्याच रानात मेंढरं बसवायला येतात ना त्या? तुमच्या उसाला खत पाहिजे म्हणून येतात ना? मेंढरांनी रात्रभर बसलेलं चालतं आणि बाईनं चालत नाही? मघाशी मी तासभर घसा कोरडा केला तो कशासाठी? तुम्ही सगळ्या रडलात! अमेरिकेतली बाई इथं येऊन तुमची सतरंजी मागणार नाही म्हणून रडलात. ही खाली बसलीय ना, हिच्यासाठी रडून दाखवा की!’

‘आवाज खाली,’ कुणीतरी म्हणालं.

‘नाही करत.’ मी आणखी चढ्या आवाजात म्हटलं.

ताईंनी मध्यस्थी केली. म्हणाल्या, ‘हे बघ, असं करू. तुझ्या भावजयीपुरतं करू. ती आणि तिची लेक. ती काय, घरचीच आहे. त्याला कुणी नाही म्हणणार नाही.’ सगळ्यांनी लगेच माना डोलावल्या. सुटकेचा श्वासच सोडला म्हणा ना. आणि खरं सांगते, माझ्या मनानंही एक क्षण उडी मारली. माझी भाची वाचत होती. देऊन टाका, म्हणावं असं वाटलं.

भावजय खालून ऐकत होती. उठली, लुगडं झटकलं. ‘मी एकटी न्हाई येनार, ताई,’ ती शांतपणे म्हणाली. ‘माझी निजंल आन जावंची जागी ऱ्हाईल, आसं कसं व्हईल? तिच्या नातवाला काय झालं तर मी तोंड कुटं दाखवू? तुमचं ठरवा सावकाश. मला जायला पायजे. दिस बुडायच्या आत जाळी मारायची हाय.’ तिनं पोरीला पाठीशी बांधलं, नारळ ओच्यात घातला, खोकं काखेत मारलं आणि गेली.

दारातून ती दिसत होती. रस्ता ओलांडून उसाच्या कडेची पायवाट तिनं धरली. एका बाजूला डोक्याहून उंच ऊस, आणि पाठीवर पोरीचं टाळकं तेवढं वर आलेलं. स्टेजवर पुन्हा बोलणं सुरू झालं होतं. ठराव मांडावा लागेल, पुढच्या बैठकीत घेऊ, वनखात्याला निवेदन देऊ. ताई दाराकडं बघत होत्या.

मग त्या उठल्या. गुडघ्यांचं दुखणं जुनं, खुर्चीला धरून उठल्या. ‘कुठं चाललात?’ खजिनदार बाईंनी विचारलं. पायरीवर जाऊन ताईंनी जी हाक मारली, ती मी मोर्चातही ऐकली नव्हती. ‘अगं ए पोरी! थांब! तिघी या! लेकरं घेऊन तिघी या!’

भावजय वळली. लांबूनच तिनं हात वर केला, कळलं म्हणून.

‘आणि ठराव?’ खजिनदार बाई म्हणाल्या.

‘उद्या लिहा,’ ताई म्हणाल्या. ‘आणि नाही लिहिलात तरी चालेल. मी कुणाला विचारत नाहीये.’

सगळं गोड झालं असं समजू नका. जाळी मारून, पुरुषांच्या भाकऱ्या करून त्या तिघी येईपर्यंत खजिनदार बाईंनी सगळ्या सतरंज्या गुंडाळून घरी नेल्या होत्या. मला शरमेनं मेल्यासारखं झालं. भावजय मात्र मोकळ्या फरशीकडं बघून म्हणाली, ‘बरं झालं बाई. पोरं मुततात.’ त्यांनी घोंगड्या अंथरल्या. चुलतजाऊनं कडी लावून पाहिली, काढून पाहिली, पुन्हा लावून पाहिली. दार हलवून बघितलं. मग मला म्हणाली, ‘जावा तुमी आता.’

मी रात्री ताईंकडंच राहिले. दादा माझ्याशी धड बोलले नाहीत, ताईंशी तर नाहीच. ताट पुढं आलं, ते आम्ही दोघींनी गुपचूप खाल्लं. ताई एवढंच म्हणाल्या, ‘पडवी मात्र मला देता आली नाही गं.’ मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

उजाडायला लागलं तशा त्या उठल्या, चहा केला, मोठ्या थर्मासात भरला, पोरांसाठी दूध घेतलं. मी पिशवीत कप घेतले. आम्ही चालत हॉलवर आलो. रस्त्याला अजून वर्दळ नव्हती, एक दुधाची गाडी तेवढी गेली. रानाकडं मेंढरांचा आवाज सुरू झाला होता, म्हणजे भाऊ उठला होता. हॉलचं दार बंद होतं. ताईंनी सवयीनं ते ढकललं. हललं नाही. इतक्या वर्षांत ते दार त्यांच्यासाठी आतून बंद असं कधी नव्हतंच.

त्यांनी दारावर टकटक केलं.

आतून भावजयीचा आवाज आला, झोपेतून उठलेला, जड. ‘कोन हाय?’

‘मी,’ ताई म्हणाल्या.

‘मी कोन?’

ताईंनी माझ्याकडं पाहिलं. साऱ्या शिवारात त्यांना कुणी असं विचारत नाही. त्यांचा आवाज ऐकून माणसं उठून उभी राहतात.

‘अगं, मी ताई. मंचाची. चहा आणलाय.’

आत घोंगडीची सळसळ, आणि मग दाराच्या अगदी जवळून, दबक्या आवाजात, ‘लेकरं निजल्यात, ताई. पैल्यांदाच आशी निजल्यात. अंमळ थांबा भायेर.’

ताई पायरीवर बसल्या. थर्मास मांडीवर घेतला आणि रडायला लागल्या, आवाज न करता. मी त्यांच्या शेजारी बसले. दार उघडेपर्यंत आम्ही दोघी बाहेर थांबलो.